परसातल्या माश्या

देवळ्याकडे डोंगळे फुलावर आले की बायका एकमेकींना विचारायच्या, "माश्या बसल्या का गं तुमच्याकडे?" दिवाळीच्या आगेमागे लावलेला बेण्याचा कांदा जानेवारीत दांडे काढायचा. फेब्रुवारीत त्या पोकळ हिरव्या दांड्यांच्या टोकाला पांढरे गोंडे उमलायचे आणि मग तीन-चार आठवडे सगळ्या घराचा जीव त्या दोन वाफ्यांत अडकलेला असायचा. उळे, म्हणजे कांद्याचे बी, घरचेच करायचे, ही तेव्हाची रीत. बियाण्याची पिशवी विकत आणावी लागली तर घराला कमीपणा वाटे. त्यामुळे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यात साठ-सत्तरच्या दशकांत जन्मलेल्या आम्हा भावंडांना मधमाशी मध देते हे नंतर कळले. माशी बसली तर उळे आणि उळे झाले तर कांदा, हे आधी कळले.

बेणे निवडण्याचे काम मोठ्या काकूचे. चाळीतल्या ढिगासमोर ती पाट टाकून बसे आणि एकेक कांदा मानेशी दाबून पाही. बारीक मानेचा, गोल, घट्ट कांदा एका बाजूला. जोड कांदा आणि जाड मानेचा कांदा भाजीला. शंका आली की विळीवर कांद्याचा वरचा तिसरा हिस्सा उडवायची. आत एकच डोळा दिसला तर खालचा भाग लावणीला जायचा. एवढी पारख करणारी ही बाई पुढचे सगळे काम मात्र माश्यांवर सोपवून मोकळी होई, कारण तिथे माणसाचा हात चालत नाही हे तिला पक्के ठाऊक होते. कांद्याच्या फुलात पराग आधी झडतो आणि त्याच फुलाचे स्त्रीकेसर मागाहून तयार होते. फूल आपले आपण फळत नाही, दुसऱ्या फुलावरचा पराग कुणीतरी अंगावर घेऊन यावा लागतो. बोंडाला तीन कप्पे, कप्प्यात दोन बिया, म्हणजे एका फुलामागे फार तर सहा काळे दाणे. माशी फिरकली नाही तर बोंड पोचट. काकू वाळलेला गोंडा तळहातावर चोळून फुंकर मारायची आणि हातात काय उरते ते बघून सांगायची, यंदा माश्या कशा होत्या.

त्यात कांदा हे माशीचे लाडके फूल नव्हे. त्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असते, आणि जवळपास दुसरे काही गोड फुललेले असले की मधमाशी कांदा सोडून तिकडे वळते. म्हणून उळ्याच्या वाफ्याला एका जातीच्या माशीचा भरवसा पुरत नाही. चार जातींची ये-जा असली तर एकीने पाठ फिरवली तरी दुसरी येते. आमच्या घरी ती ये-जा होती, आणि ती का होती याचा उलगडा आम्हाला पार वय झाल्यावर झाला.

घर धाब्याचे. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, शेणाने सारवलेला ओटा, मागे परस. परसात आड, आडाच्या कडेला तुराट्यांच्या कुडाचे न्हाणीघर, न्हाणीचे पाणी केळीला आणि अळूला, उरलेले गिलक्याच्या आणि डांगराच्या वेलाला. एका कोपऱ्यात सरपण रचलेले. वापरात नसलेली बांबूची शिडी भिंतीला टेकवलेली. उकिरड्याच्या कडेने आघाडा, रानतुळस, तरवड आपोआप उगवलेला, तो कुणी उपटत नसे. कोथिंबीर, मेथी, बडीशेप, मुळा यांचे चार-चार ताटे घरच्या बियाण्यासाठी फुलायला सोडलेले. उन्हाळ्यात रांजणाला ओले गोणपाट गुंडाळलेले असायचे आणि भर दुपारी त्या गोणपाटाच्या कडेला माश्या ओळीने बसून पाणी शोषायच्या. हे पाणी त्या मोहोळात नेतात, घरांवर थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालून पोळे थंड ठेवतात. आम्ही मुले ओला फडका घेऊन त्यांना हुसकायला गेलो की आजी ओट्यावरून ओरडायची, "त्यासले कसाले छेडतस रे? पाणी पिऊ द्या!"

या घरात माश्यांसाठी म्हणून कुणी कधी काही केले नाही. भिंत मातीची होती कारण सिमेंट परवडत नव्हते. कोथिंबीर फुलायची कारण धणे घरचे हवे होते. पण माशीला जे जे लागते ते सगळे त्या जगण्यात आपसूक होते: वर्षभर काही ना काही फुललेले, प्यायला पाणी, आणि घर करायला माती, भोक, ढोली किंवा काटकी. आमच्या आई-काकूंच्या पिढीने ते मोडले नाही, ही त्या पिढीची मोठीच कमाई म्हणायला हवी.

माश्या ओळखायलाही आम्ही जागेवरूनच शिकलो. पुस्तकात रंग, पंख, लांबी मोजतात. आमच्याकडे पहिला प्रश्न असायचा, कुठे राहते?

फुलोरी राहायची झुडपात. मेंदीच्या कुंपणात, डाळिंबात, लिंबाच्या खालच्या फांदीला. तळहाताएवढे एकच पोळे, उघड्यावर, फांदीला वरून कवटाळून बसलेले. माशी अगदी लहान, पोटाचा पुढचा भाग विटकरी आणि मागे काळे-पांढरे पट्टे. आमच्या एका चुलतभावाला तिचा फार नाद. पोळ्याच्या दोन्ही बाजूंना फांदीवर डिंकासारख्या चिकट पदार्थाचा एकेक पट्टा असतो हे त्यानेच आम्हाला दाखवले. काडीने हात लावला तर तार सुटायची. मुंग्या फांदीवरून रांगेने येत आणि त्या पट्ट्यापाशी अडत. काही तिथेच चिकटून मेलेल्या दिसत. राखणीची ही सोय फुलोरी स्वतः झाडांचा चीक गोळा करून करते. तिच्या पोळ्याच्या माथ्यावर, फांदीच्या वर, एक सपाट ओटा असतो आणि माश्या त्यावर नाचतात, तेही आम्ही नुसते बघत बसायचो. तो नाच म्हणजे पत्ता सांगणे असते. कार्ल फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांची ही भाषा उलगडली, त्यांना १९७३ साली नोबेल मिळाले. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडावर पन्नासच्या दशकात श्रीलंकेत आले आणि त्यांनी आपल्याकडच्या माश्यांचा नाच तपासला. सातेरी आणि आग्या उभ्या पोळ्यावर नाचतात, त्यामुळे त्यांना सूर्याची दिशा वर-खालीत बदलून सांगावी लागते. फुलोरी आडव्या ओट्यावर नाचते आणि थेट फुलाकडे तोंड करून सांगते, इकडे. मेंदीच्या कुंपणापाशी उकिडवे बसून आम्ही जे पाहिले ते हेच होते.

सातेरी अंधारात राहायची. उंबराची ढोली, पडक्या विहिरीचा कोनाडा, नाहीतर घराचीच भिंत. आमच्या कोठीच्या खोलीत एक जुना कोनाडा बाहेरून लिंपून बंद केलेला होता आणि त्याच्या आत सातेरीचे घर होते. बाहेरच्या बाजूला बोटभर फट, तिथून दिवसभर जा-ये. आत एकामागे एक अशी अनेक पोळी समांतर लटकलेली. चैत्रात भिंतीला कान लावला की गुणगुण ऐकू यायची आणि मातीला मधाचा वास यायचा. आजीने ती फट कधी लिंपली नाही. दिवाळीपूर्वी सगळे घर लिंपून निघायचे, तेवढी एक जागा सोडून. मोठी गांधीलमाशी सातेरीच्या दारात शिकारीला आली तर शेकडो माश्या तिला गराडा घालतात आणि पंखांचे स्नायू थरथरवून आतली उष्णता ४५ अंशांच्या वर नेतात. गांधीलमाशी आत भाजून मरते, सातेरी तेवढी उष्णता सोसते. हा प्रकार आम्ही ओट्याखाली पाहिला आहे. मुठीएवढा माश्यांचा गोळा घरंगळत खाली आला आणि सुटला तेव्हा मधे एक मेलेली गांधीलमाशी होती.

आग्या मात्र घराच्या जवळ नको, याबद्दल सगळ्यांचे एकमत. वडाच्या उंच फांदीला, डोंगराच्या कड्याला, नंतरच्या काळात पाण्याच्या टाकीला. एकच पोळे, पण कधी कधी हातभराहून मोठे. जवळून काही उडत गेले की पोळ्यावरून एक लाट सळसळत जाते. हजारो माश्या क्रमाने पोट उचलतात आणि शत्रूला इशारा मिळतो. लोहोणेरच्या वाटेवर, गिरणेच्या अंगाला असलेल्या एका वडावर दरसाल आगी मोहोळे लागायची. उन्हाळ्याच्या अखेरीस निघून जायची आणि पाऊस सरल्यावर त्याच झाडाला, पुष्कळदा त्याच फांदीला, परत यायची. कामकरी माशी जगते काही आठवडे. म्हणजे जी गेली ती परत आलेली नसते, परत येते ते मोहोळ. शास्त्रज्ञांनाही या गोष्टीचे नवल वाटते. आमच्या घरातले नाना म्हणायचे, "झाडाशी त्यांचा करार आहे."

मधासाठी रात्री टेंभा लावून आग्याचे मोहोळ जाळणारे लोक येत. सकाळी झाडाखाली जळालेल्या माश्यांचा थर पडलेला असे. नाना त्यांचा मध घरात घेत नसत. पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापून अंड्या-पिल्लांचा भाग फांदीला राहू देता येतो, मोहोळ मरत नाही. अशी पद्धत आज महाराष्ट्रात शिकवली जाते. ज्यांना मध घ्यायचाच आहे त्यांनी विकणाऱ्याला हे आधी विचारावे.

या तिघींना नावे होती. ज्यांना नावे नव्हती, त्या माश्या परसाच्या खऱ्या मालकिणी होत्या, असे आता माझे मत झाले आहे. मोहोळ करून राहणाऱ्या माश्या मूठभर जातींच्या. जगात माश्यांच्या वीस हजारांवर जाती, भारतात सातशेहून जास्त, आणि त्यांतल्या बहुतेक एकट्याने राहतात. राणी नाही, पोळे नाही, साठवलेला मध नाही. एकटी मादी बीळ करते, त्यात परागाचा लाडू ठेवते, त्यावर अंडे घालते आणि दार लिंपून जाते. मोहोळ राखायचे नसल्यामुळे ती सहसा डंखही करत नाही. हातात दाबून धरली तरच.

वांग्याच्या वाफ्यात येणारी एक होती. फुगीर, केसाळ, पोटावर चमकत्या निळ्या पट्ट्या. वांग्याचे फूल खाली तोंड करून असते. ती त्याला उलटी लटकायची, पिवळ्या पुंकेसरांना बिलगायची आणि क्षणभर मोठ्याने झूं करायची. आम्ही तिला ‘झूंवाली’ म्हणायचो. वांगे, टोमॅटो, मिरची या कुळात वांग्या-टोमॅटोचा पराग पुंकेसराच्या टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतो. तो पडण्यासाठी कुणीतरी फूल थरथरवावे लागते. ही निळ्या पट्ट्यांची माशी आणि काळा भुंगा ते करतात. मधमाशीला, मग ती सातेरी असो की पेटीतली परदेशी, ही थरथर जमत नाही. नाशिक जिल्ह्यातले टोमॅटो मुंबईपासून दिल्लीपर्यंत जातात. वारा हे काम बरेचसे करतो खरे, पण ही माशी बसलेल्या फुलाचे फळ भरदार होते. संध्याकाळी याच जातीचे नर वाळलेल्या काडीला जबड्याने धरून ओळीने झोपतात, पाय मोकळे सोडून. वाफ्याच्या बांधावर एक वाळकी काडी होती, दिवेलागणीला आम्ही कंदील घेऊन त्यांची हजेरी घ्यायला जायचो. मादी राहायची मागच्या मातीच्या भिंतीत. भिंतीच्या पावसाच्या विरुद्ध बाजूला शाईच्या पेनाचे टोपण मावेल एवढी भोके होती, ती उंदरांची नव्हेत, यांची.

दुसरी गुलाबाची पाने कापायची. कापायची म्हणजे कात्रीने कापावे तसा स्वच्छ अर्धगोल तुकडा. आईला वाटायचे अळी लागली. तुकडा पोटाखाली धरून ती उडायची आणि शिडीच्या बांबूच्या उघड्या टोकात शिरायची. एकदा आईने ती शिडी जळणाला फोडली तेव्हा बांबूच्या नळीत पानांच्या गुंडाळ्या एकामागे एक रचलेल्या निघाल्या, विड्यांची चळत असावी तशा, आणि प्रत्येकीत पिवळा लाडू. ही माशी लांबूनही ओळखता येते. मधमाशी पराग मागच्या पायांच्या टोपलीत नेते, पानकापी पोटाच्या खालच्या बाजूला. फुलावर बसलेल्या माशीचे पोट खालून पिवळे दिसले तर ती हीच.

भुंगा सगळ्यांना माहीत. काळा, जाडजूड, पंखांवर निळसर झाक. ओट्याच्या वाळक्या तुळईत बोटाएवढे गोल भोक करायचा आणि खाली ताज्या भुश्याची चिमूट पडलेली असायची. आवाजाने घाबरवायचा, पण त्याने कुणाला डंख केल्याचे आमच्या घरात ऐकिवात नाही. रुईच्या, तरवडाच्या, शेवग्याच्या फुलांवर त्याचे राज्य. न्हाणीघराच्या तुराट्यांच्या टोकांतून बारीक काळसर-हिरव्या माश्या निघायच्या. त्या याच भुंग्याच्या नात्यातल्या, मऊ गाभ्याच्या काडीत राहणाऱ्या. घाम आलेल्या हातावर येऊन बसणाऱ्या चिमुकल्या माश्या वेगळ्या. त्या मीठ चाटतात आणि जमिनीत राहतात.

जे माश्या नव्हते तेही सांगायला हवे, कारण निम्मा गोंधळ तिथे होतो. खिडकीच्या चौकटीला चिखलाचे मडके करणारी कुंभारीण मधमाशी नव्हे. ती गांधीलमाशीच्या गोतातली, कंबर सुताएवढी, मडक्यात अळ्या कोंडते. तीही परसाला उपकारकच. फुलापुढे हवेत एका जागी थांबून राहते, अंगावर पिवळे पट्टे आहेत, पण पंख दोनच आणि मिशा आखूड, ती नुसती माशी, मधमाशीचे सोंग घेतलेली. मधमाशीला पंख चार, अंगावर लव, आणि पराग वाहायची काहीतरी सोय. एवढ्या खुणा ध्यानात ठेवल्या तर परसातले नव्वद टक्के प्रश्न सुटतात.

देवळा १९९९ साली स्वतंत्र तालुका झाला. गाव विंचूर-प्रकाशा रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाढत गेले, धाबी उतरली, स्लॅब पडले. आमचेही धाबे उतरले. गळणाऱ्या छताखाली पावसाळे काढलेल्या आई-काकूंना पक्के घर मिळाले, त्याचा आनंद मला आजही आहे. पण त्या घराच्या भिंतीला भोक नव्हते, अंगणात फरशी आली, परसाच्या कोपऱ्यात सेप्टिक टाकी आली, सरपण गॅसने संपवले, आणि बियाणे दुकानातून यायला लागले म्हणून कोथिंबीर-मुळ्याचे फूल दिसेनासे झाले. शेतातही तेच. डाळिंब आले, गणेश गेला आणि भगवा आला, मग तेल्याने बागा बसवल्या, आणि त्या सगळ्या काळात पंपाची फवारणी वाढत गेली. फुलकिड्यांसाठी डोंगळ्यावर ऐन फुलोऱ्यात, सकाळी दहाच्या उन्हात फवारा मारला की त्या वाफ्यात जी माशी असेल ती गेली. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे तर झाडाच्या रसातून मधुरसात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ साली या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर बंद केला.

आता बागायतदार डाळिंबाच्या बहारात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात. त्या पेट्यांतली मेलिफेरा मधमाशी मूळची युरोपातली, साठच्या दशकात हिमाचलमधल्या नगरोटा बगवान इथे रुजवली गेली आणि तिथून देशभर गेली. तिच्याशी माझे वैर नाही. बागेला फळ हवे असते आणि पेटी ते देते. पण बहार संपला की पेटी ट्रकमध्ये बसून पुढच्या गावाला जाते. परसातल्या वांग्याला, गिलक्याला, शेवग्याला जी माशी लागते ती बारा महिने तिथेच राहणारी असावी लागते. ती भाड्याने मिळत नाही.

आपल्याकडे या देशी माश्यांसाठी मोठे काम झाले आहे, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. महाबळेश्वरचे मधसंचालनालय सातेरीच्या पेट्यांसाठी कित्येक पिढ्यांचा आधार आहे. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था उभी राहिली, डॉ. जी. बी. देवडीकरांसारख्या आनुवंशिकीच्या अभ्यासकाने तिथे आपली बुद्धी वेचली. महाबळेश्वर तालुक्यातले मांघर मे २०२२ मध्ये देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. २० मे हा जागतिक मधमाशी दिवस २०१८ पासून पाळला जातो. पण मला वाटते, मध न देणाऱ्या माश्यांचा वाली अजून कुणी नाही. त्यांच्या नावाने पेटी नाही, अनुदान नाही, बाजार नाही. त्यांना आधार फक्त एखाद्या घरच्या परसाचा.

आमच्या भावकीचा एक व्हॉट्सॲप गट आहे. लग्नपत्रिका आणि वाढदिवस सोडले तर त्यावर एक विषय नेमाने चालतो. नाशिक, पुणे, ठाणे, एक भाची पार कॅनडात, जिला जिथे माशी दिसेल तिथून ती फोटो टाकते आणि विचारते, ही कोण? उत्तर देताना पुन्हा जुना प्रश्न येतो, राहते कुठे? फोटो घ्यायचा तर तीन बाजूंनी घ्यावा, असे आम्ही ठरवले आहे: पाठीवरून पट्ट्या दिसतात, बाजूने पराग कुठे आहे ते दिसते, समोरून चेहरा आणि मिशा. शिवाय फूल कोणते, वेळ कोणती, हे लिहायचे. पुण्यातल्या एका आतेबहिणीच्या बाल्कनीत कुंडीतल्या वांग्यावर झूंवाली आली, तेव्हा सगळ्या गटाला सण झाल्यासारखे वाटले. चौथ्या मजल्यावर तिला वांगे सापडले होते.

धाकट्या काकाने नव्या घराच्या मागे तेच परस पुन्हा उभे करायला घेतले आहे, या वेळी जाणूनबुजून. त्याने फरशीतला एक चौकोन उकरून माती मोकळी केली, तिथे पाणी साचत नाही आणि कुणी खुरपत नाही. पांढऱ्या मातीच्या विटा घालून कंपाउंडला लागून कमरेएवढी कच्ची भिंत घातली, वर पत्र्याचा तुकडा. बांबूच्या वीतभर लांबीच्या नळ्या, एका टोकाला पेर ठेवून, जुडी करून पूर्वेकडे तोंड करून टांगल्या. नळीचे भोक पेन्सिलएवढे पुरते, काहींचे त्याहून बारीक. त्या दरवर्षी बदलाव्यात, नाहीतर बुरशी आणि किडे धरतात. उथळ परळात खडे टाकून पाणी, म्हणजे माशी बुडत नाही. आणि फुले अशी की एक महिना रिकामा जाऊ नये. पौष-माघात शेवगा, कोथिंबीर, मोहरी. चैत्रात कडुनिंब आणि करंज गावभर असतातच. वैशाखाच्या शेवटी चिंच. पावसाळ्यात गिलके, डांगर, कारले, तीळ. भादव्यात आघाडा, तरवड, झेंडू. पुढे तूर आणि बोर. आणि तुळस बारमाही, पण मंजिऱ्या खुडायच्या नाहीत. देव रागावत नाही. दुहेरी पाकळ्यांची, नर्सरीतली विदेशी गुबगुबीत फुले दिसायला छान, पण त्यांत माशीला पराग-मध क्वचितच मिळतो. एकेरी झेंडू, गावरान गुलाब, गोकर्ण लावावे.

या भिंतीत पहिल्या वर्षी कुंभारिणी आल्या. दुसऱ्या हिवाळ्यात निळ्या पट्ट्यांच्या माश्यांनी भोके पाडली. मेंदी परत लावली आहे, फुलोरीची वाट पाहतो आहोत. सातेरीसाठी भिंत कोरून ठेवावी का, यावर काका आणि काकूंत अजून एकमत नाही.

वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी असेल तर मोहोळाबाबत जपून राहा आणि आग्याचे मोहोळ घराला लागले तर स्वतः हात घालू नका, जाणकाराला बोलवा. पण विषारी फवारा मारू नका. एकट्याने राहणाऱ्या माश्यांना मात्र घाबरण्याचे कारण नाही. फुललेल्या झाडावर औषध मारायचेच असेल तर सूर्य मावळल्यावर मारा. पावसाळा सरला की परसातला, गच्चीवरचा किंवा कुंडीतला हातभर मातीचा तुकडा न खुरपता, न झाकता सोडा आणि त्याच्या शेजारी एक वांगे लावा. सकाळी आठ-नऊच्या उन्हात त्या वांग्याच्या फुलापाशी थोडे उभे राहा, आणि कोण आले ते घरातल्या मुलांना दाखवा.